‘लिटरला एक वॅट’ हा हिशोब कोरलला कळत नाही

रीफ टँक, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचा आमचा छंद. गेल्या दोन महिन्यांत त्याबद्दलचा एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. चौथ्यांदा आला तेव्हा खाली एकाने लिहिलं होतं, ‘थँक्यू दादा, आजच ऑर्डर केला.’ म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा:

‘रीफ टँकचे महागडे लाइट ही शुद्ध लूट आहे. साधा एलईडी फ्लडलाइट घ्या. लिटरमागे १ वॅट धरा. २०,००० केल्विनचाच घ्या. मोबाइलवर लक्स मीटर टाका, पाण्यावर १०,००० आलं की काम झालं. निळा प्रकाश फक्त कोरल चमकवायला असतो, त्यावर पैसे घालू नका. प्रकाश जास्त झाला तरी काही बिघडत नाही, समुद्रात काय सूर्य कमी असतो? एलईडी तापत नाही आणि ५०,००० तास चालतो.’

२०,००० केल्विन मागायचं आणि त्याच दमात निळा नको म्हणायचं, यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नसावी. असो, एकेक मुद्दा घेऊ.

‘महागडे लाइट ही लूट आहे.’ हे निम्मं मान्य. नामांकित लाइटच्या किमतीत ॲप, ढगांचा आणि विजांचा खेळ, सुबक खोकं या सगळ्याचे पैसे असतात. कोरलला त्यातलं काहीच नको असतं. साध्या पांढऱ्या एलईडीच्या पोटातही मुळात एक निळी चिपच असते. तिच्यावर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा प्रकाश काढतात, त्यामुळे फ्लडलाइटखाली झोआ आणि मशरूम ही काटक, मऊ कोरल जगतात, वाढतातही. एलईडीआधीच्या, मेटल हॅलाइड दिव्यांच्या काळात ६,५०० केल्विनच्या पिवळट प्रकाशाखाली लोकांनी ॲक्रोपोरा (भरपूर प्रकाश मागणारी कठीण कोरल) जोमाने वाढवले आहेत. दिसायला ते तपकिरी दिसायचे, एवढंच. तेव्हा ‘स्वस्तात होऊ शकतं’ याला माझी ना नाही. पण स्वस्तात करायचं तर मोजमाप जास्त नेमकं लागतं, आणि मेसेज घसरतो तो नेमका तिथेच.

आता ‘लिटरमागे १ वॅट’. हा नियम ट्यूबलाइटच्या जमान्यातला आहे. अमेरिकेत गॅलनमागे किती वॅट असं मोजायचे, आपण त्याचं लिटर केलं. तेव्हा ते बऱ्यापैकी चालून जायचं, कारण एका वॅटमागे सगळ्या ट्यूब साधारण सारखाच प्रकाश द्यायच्या. एलईडीत तसं नाही. चांगली चिप खाल्लेल्या विजेच्या निम्म्याहून जास्त भागाचा प्रकाश करते. फुटपाथवरच्या फ्लडलाइटमधली चिप पुष्कळ मागे असते, आणि खोक्यावरचा वॅटचा आकडा तर बऱ्याचदा नुसताच छापलेला असतो. ‘३०० वॅट’ लिहिलेला दिवा मीटर लावून पाहिला तर शंभरच्या आसपास ओढताना मी पाहिला आहे.

त्याहून मोठी चूक लिटरची आहे. ६०×४५×४५ सेंटिमीटरचा टँक साधारण १२१ लिटरचा. १२०×४५×२२.५ चा उथळ टँकही १२१ लिटरचाच. मेसेजच्या हिशोबाने दोघांना एकच लाइट पुरायला हवा. पण पहिल्याचं वरचं क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर, दुसऱ्याचं ०.५४. प्रकाश पडतो तो क्षेत्रफळावर. तेवढाच प्रकाश दुप्पट जागेवर पसरला तर प्रत्येक कोरलच्या वाट्याला निम्मा येणार. यात खोली, दिव्याची उंची आणि लेन्सचा कोन अजून धरलेलाच नाही. ९० अंशांची लेन्स खोल टँकला बरी, १२० अंशांची उथळ आणि पसरट टँकला, हे ढोबळ झालं. पण वॅटच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

मग मोजायचं काय? ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले फोटॉन, दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतात ते. छंदातले लोक याला नुसतं ‘पार’ (PAR) म्हणतात. कोरलच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं, म्हणजे झूझँथेली, याच फोटॉनवर अन्न तयार करतात. ढोबळ मानाने सॉफ्ट कोरल आणि मशरूमला ५० ते १००, हॅमर-टॉर्चसारख्या एलपीएसना (मोठ्या पॉलिपची कठीण कोरल; पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) ७५ ते १५०, ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना (लहान पॉलिपची कठीण कोरल) २०० ते ३५०. हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत, पण वॅटपेक्षा शंभर पटींनी कामाचे आहेत.

बसल्या बसल्या हिशोबही करता येतो. चांगला एलईडी एका वॅटला साधारण २ मायक्रोमोल देतो. ६० वॅटचे झाले १२०. ते ०.२७ चौरस मीटरवर पडले तर सुमारे ४४०. काचेबाहेर सांडणारा, पाण्यावरून परत फिरणारा आणि कडेला विरळ होणारा प्रकाश धरून निम्मे सोडून द्या. राहिले २२०. म्हणजे ६० वॅटमध्येच हा टँक एसपीएसच्या उंबरठ्यावर पोचतो. मेसेजवाल्याचे १२१ वॅट इथे चांगल्या दर्जाचे लावले तर बिचाऱ्या हॅमरचं काय होईल ते पुढे सांगतो, कारण ते मी स्वतः करून बसलो आहे.

केल्विनचं थोडक्यात आटपू. माणसाच्या डोळ्याला प्रकाश किती पिवळट वा निळसर दिसतो ते केल्विन सांगतं. तापवलेल्या काळ्या वस्तूच्या रंगाशी ही तुलना असते. दोन दिवे एकाच केल्विनचे असून त्यांच्या आतला वर्णपट पूर्ण वेगळा असू शकतो. निव्वळ निळ्या एलईडीला तर धड केल्विनच लावता येत नाही. खोक्यावरचं २०,००० म्हणजे ‘निळसर दिसेल’ असं समजा आणि पुढे चला. त्यापेक्षा विक्रेत्याकडे वर्णपटाचा आलेख मागा. आलेख देत नाही तो लाइट मी घेत नाही.

आता लक्स मीटर. मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण वरवर शास्त्रीय वाटतो. लक्स हे उजेड मोजायचं एकक, आणि तेही माणसाच्या डोळ्यासाठीच बनवलं आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो आणि ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के. म्हणून ऊन मोजताना १ मायक्रोमोल म्हणजे साधारण ५४ लक्स, आणि गडद निळा एलईडी मोजताना तोच १ मायक्रोमोल म्हणजे अवघे ७ लक्स. आता मेसेजमधले १०,००० लक्स घ्या. उन्हात ते सुमारे १८५ पार होतात, चांगला आकडा. निव्वळ निळ्या एलईडीखाली तेच १०,००० लक्स म्हणजे १,४०० च्या वर पार, उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उन्हाच्या दोन तृतीयांशाहून जास्त. एकच आकडा, एकीकडे आरोग्य आणि दुसरीकडे भट्टी. खऱ्या रीफ लाइटमध्ये निळं-पांढरं मिश्रण असतं, त्यामुळे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतं. कुठे, ते मोबाइल सांगू शकत नाही. शिवाय मोबाइल पाण्यात बुडवून दगडाशी नेता येत नाही, आणि कोरल तर तिथेच असतं.

पार मीटर महाग आहे हे खरं. पण तो रोज लागत नाही. दिवा लावताना एकदा, उंची बदलली की एकदा. आमच्या सहा जणांत वर्गणी काढून एक घेतला आहे, तो कुरिअरने पुणे-ठाणे-नाशिक फिरत असतो. घेताना दोन गोष्टी बघा: निळा पट्टा नीट मोजतो का (जुनी स्वस्त सेन्सर निळा कमी दाखवतात), आणि पाण्याखालच्या वाचनाची दुरुस्ती त्यात आधीच धरली आहे की आपल्याला गुणायची आहे.

‘निळा प्रकाश फक्त चमकवायला.’ चमकतं हे खरंच. कोरलमधली प्रतिदीप्त प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी, लाल बाहेर टाकतात. आपण ज्याचे फ्रॅग (वाढवायला कापलेले तुकडे) मशरूम म्हणून विकतो त्या डिस्कोसोमापासूनच १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध लाल प्रथिन मिळवलं, ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. पण ‘फक्त’ हा शब्द चूक. झूझँथेलीतलं क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-२ आणि पेरिडिनिन या प्रकाश शोषणाऱ्या तिन्ही रंगद्रव्यांची मुख्य भूक ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या आसपासच आहे, पेरिडिनिनची थोडी पुढेपर्यंत. निळा प्रकाश म्हणजे त्यांची पोळी-भाजी. चमक हा वरचा पापड.

यामागे समुद्र आहे. पाणी लाल रंग आधी गिळतं, निळा सगळ्यात शेवटी. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं पठार आहे. तिचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथल्या कोरलना वर्षानुवर्षं निळाच प्रकाश मिळतो आहे. याला उलट दाखला मुंबईचाच देतो, म्हणजे कुणी नंतर माझ्याकडे बोट दाखवायला नको. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर गढूळ, हिरवट पाण्यात कोरल आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती हलवाव्याही लागल्या. तेव्हा निळ्यावाचून कोरल मरतं असं माझं म्हणणं नाही. पण आपण दुकानातून आणतो ती बहुतेक कोरल स्वच्छ पाण्याच्या रीफवरची असतात, मुंबईच्या खडकावरची नव्हेत.

लाल रंगाबाबत मात्र हात आखडता घ्या. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून लाल-हिरव्या चिपा ठासून भरलेले दिवे घरातल्या कुंड्यांसाठी ठीक. २०१४ मध्ये स्टायलोफोरा पिस्टिलाटा या कोरलवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात लाल प्रकाशाखाली कोरलची तब्येत ढासळली आणि निळ्याखाली टिकली. समुद्रात खोलवर लाल जवळजवळ पोचतच नाही, टँकमध्ये मात्र ४५ सेंटिमीटर पाणी तो सहज पार करतो. चिमूटभर लाल डोळ्याला बरा वाटतो म्हणून ठेवा, बस.

‘जास्त झाला तरी बिघडत नाही.’ माझा पहिला एलईडी १६५ वॅटचा, काळ्या खोक्यासारखा. दुकानदार म्हणाला, दोन्ही चॅनल (निळा आणि पांढरा) फुल ठेवा, कोरलला ऊनच हवं असतं. पाण्यापासून वीस सेंटिमीटरवर टांगला. चौथ्या दिवशी हॅमर आत ओढला गेला. मला वाटलं पाण्याचं काही बिघडलं, म्हणून केएच (पाण्यातली कार्बोनेट कठीणता) तपासला, तो ठीक. मग मीच शहाणपणा करून वेळ दोन तासांनी वाढवली! नवव्या दिवशी त्याचा सांगाडा टिश्यूतून पांढरा दिसायला लागला. ठाण्याच्या मित्राचा पार मीटर आणला तेव्हा त्या जागी ४८० निघाले. एलपीएसच्या गरजेच्या तिपटीहून जास्त.

होतं असं की प्रकाशसंश्लेषणाची एक कमाल मर्यादा असते. त्यापलीकडच्या फोटॉनचा उपयोग होत नाही, उलट पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, आणि कोरल आपल्याच झूझँथेलीला बाहेर काढतं. हेच ब्लीचिंग. समुद्रात पृष्ठभागावर भर दुपारी २,००० च्या आसपास पार असतं हे बरोबर, पण ते दुपारपुरतं, आणि उथळ पाण्यातल्या वसाहती त्या उन्हातच वाढलेल्या असतात. तुमचा फ्रॅग कुणाच्या तरी १०० पारच्या रॅकवरून आलेला असतो. म्हणून नवा दिवा तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करायचा आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवायचा. आठ ते दहा तास पुरेत. कमी प्रकाशात कोरल तपकिरी होऊन आठवडे काढतं, सावरायला वेळ देतं. जास्त प्रकाश तेवढी सवड देत नाही.

‘तापत नाही, ५०,००० तास चालतो.’ खालून तापत नाही. उष्णता मागच्या ॲल्युमिनियमवर जाते, आणि पंखा बंद पडला की तिथे हात ठेवून बघा. शिवाय पाण्यात गेलेला प्रकाशही शेवटी उष्णताच होतो, त्यामुळे मे महिन्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरची सुट्टी होत नाही. रोज दहा तास धरले तर ५०,००० तास म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. हा आकडा चिपचा आहे, तोही नीट थंड ठेवलेल्या. ड्रायव्हर (चिपला वीज पुरवणारा भाग) आणि पंखा त्याच्या कितीतरी आधी राम म्हणतात, किनाऱ्याजवळच्या दमट हवेत तर हमखास. घेताना ‘ड्रायव्हर सुटा मिळतो का’ हे विचारा. वॉरंटीपेक्षा ते उत्तर महत्त्वाचं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगून टाकतो. भारतीय किनाऱ्यावरची कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणहून ‘तुकडा’ आणून देतो म्हणणाऱ्याला वाटेला लावा. लाइट कितीही चांगला असला तरी तो तुकडा घरात असणं गुन्हाच.

आणि ‘मग किती वॅटचा घेऊ?’ असं ज्यांनी ग्रुपवर मला विचारलं त्यांच्यासाठी: माझ्या ६०×४५×४५ वर आज ९० वॅटचा एकच लाइट आहे, पाण्यापासून २८ सेंटिमीटरवर. मीटर लावला तर तो ओढतो ४८ वॅट, कारण निळा ७० टक्क्यांवर आहे आणि पांढरा १५ वर. वाळूवर ७० पार, मधल्या दगडावर १४०, वरच्या टोकाला २३०. वाळूवर मशरूम, टोकाला मोंटिपोरा हे एसपीएस. दुसरा हॅमर मधल्या दगडाच्या सावलीकडच्या बाजूला आहे, तिथे ११०, आणि त्याला आता चार डोकी आहेत.