चारशे वर्षांचं फूल? ते तर दरवर्षी फुलतंय!

आलंच पुन्हा. नातेवाइकांच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या गणपतीच्या लगेच खाली: ‘हिमालयात ४०० वर्षांतून एकदाच फुलणारं पॅगोडा फूल. आपली पिढी भाग्यवान! दर्शन घ्या आणि पुढे पाठवा.’ फोटोत खडकाळ उतारावर उभा फिकट पिवळा मनोरा. खाली हात जोडलेल्यांची रांग. यातला फोटो खरा आहे, वनस्पतीही खरी आहे. मजकुराचं मात्र काही खरं नाही.

आधी ते ४०० वर्षांचं बघू. ही वनस्पती म्हणजे ऱ्हियम नोबिले. आयुर्वेदाच्या दुकानात रेवंदचिनी मिळते ना, तिच्याच प्रजातीतली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४९ मध्ये सिक्कीममध्ये हिंडत होता. लाचेन खोऱ्यातल्या काळ्या कड्यांवर त्याला मैलभर अंतरावरून हे पांढुरके ठिपके दिसले आणि ते काय असावं हेच त्याला कळेना. १८५५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. आता फॉरवर्डचा हिशेब लावा: १८४९ नंतर पुढचा बहर २२४९ मध्ये! प्रत्यक्षात नेपाळ, सिक्कीम, भूतान, तिबेट या पट्ट्यात ४००० मीटरच्या वर दर पावसाळ्यात कुठली ना कुठली झाडं फुललेली असतात.

मग हा ‘एकदाच’ आला कुठून? इथे एक खरी गोष्ट अर्धवट ऐकलेली दिसते. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. कित्येक वर्षं जमिनीलगत नुसती पानं, मग एका पावसाळ्यात मनोरा, बी, आणि मरण. पण प्रत्येक झाडाची वेळ वेगळी. आपली कारवी याच्या उलट. तीही एकदा फुलून मरते, पण सात-आठ वर्षांनी एका डोंगरावरची सगळी कारवी एकदम जांभळी होते. शेजारच्या डोंगराची पाळी वेगळ्या वर्षी येऊ शकते. मुन्नारची नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते. २०१८ ला फुलली, आता २०३० ला. सगळी पिढीच्या पिढी मिळून फुलते तिथे ‘इतक्या वर्षांनी’ म्हणणं बरोबर. ऱ्हियमला ते लागू नाही.

‘फूल’ हा शब्दही चुकीचाच. बोगनवेलीचा गुलाबी भाग जसा फूल नसून पान असतो, तसा हा मनोरा म्हणजे एकावर एक कौलांसारखी झुकलेली पानं, शास्त्राच्या भाषेत छदं. हिरवेपणा गेलेली, हात आरपार दिसेलशी पातळ. खरी फुलं बारकी, त्यांच्या आड लपलेली. मला सगळ्यात भावतं ते हेच. ही पानं उजेड आत सोडतात, पण अतिनील किरण बरेचसे अडवतात, पावसाचा मारा झेलतात आणि आत ऊब धरून ठेवतात. झाडाने स्वतःभोवती बांधलेलं हरितगृहच म्हणा. आजूबाजूची झाडं वाऱ्याला भिऊन वीतभर उंचीवर थांबतात आणि हे दीड-दोन मीटर वर जातं! त्या उबेत चिलटांसारख्या बारीक माश्या येतात, परागीभवन करतात आणि तिथेच अंडी घालतात. त्यांच्या अळ्या थोडं बी खातात. भाडंच ते.

‘दर्शन घ्या’बद्दल काय बोलणार? याच कुळातलं दुसरं फॉरवर्ड म्हणजे मानसरोवरचं, ३६ वर्षांनी फुलणारं ‘नागपुष्प’. त्या फोटोत तर वनस्पतीच नव्हती, समुद्रातला प्राणी होता.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं की सिक्कीममधले लोक याच्या आंबट देठाला ‘चुका’ म्हणत, अशी नोंद हूकरने केली आहे. आणि आपला भाजीतला आंबट चुका खरोखरच याच्या कुळातला, पॉलिगोनेसीतला आहे. चारशे वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मावशीचा तेवढा प्रश्न आला: “मग डाळ-दाणे घालून याची पातळ भाजी होईल का रे?”

देठ खातात, मावशी. पण बी धरायच्या आत मनोरा कापला, तर त्या झाडाला पुढचा हंगाम नसतो.