चित्रकला स्पर्धेचं दार डिजिटल चित्रांना उघडा, फिल्टरला नको

आपल्याकडे शिवजयंती असो, गणपती असो, चित्रकला स्पर्धा ठरलेलीच. अलीकडे त्या स्पर्धांच्या पत्रकात एक नियम वाढलाय: मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र चालणार नाही. आणि त्याच चौकातल्या फ्लेक्सवर अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत सगळ्यांचे फोटो ऑइल पेंटिंगचा फिल्टर मारून लावलेले असतात, खाली लोक कौतुकानं म्हणतात, "काय चित्र काढलंय वो!" ज्या पोरानं बोटानं रेघ न् रेघ ओढली त्याला स्पर्धेबाहेर ठेवायचं आणि ज्यानं एक बटण दाबलं त्याला चित्रकार म्हणायचं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी बेळगावात वडगावला राहते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, मंडळांची पोस्टरं करते, आणि गेली काही वर्षं बहुतेक काम टॅबवर करते. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "हे तुम्ही काढलाय की ॲपनं काढलंय?" घरातला धाकटा भाऊ तर रोज सांगतो, "अक्का, फोटो काढून ॲपमध्ये टाक की, एक मिनटात हुतंय. कशाला रात्री जागायलीस?"

एक मिनिटात होतं ते काय होतं, ते आधी बघू. जुना तैलरंगाचा फिल्टर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळतो. बारीक तपशील पुसला जातो, मोठ्या कडा राहतात, आणि ब्रशचे फटकारे मारल्याचा भास होतो. 2015 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या गॅटिस, एकर आणि बेथगे या संशोधकांनी पुढची पायरी मांडली: एखाद्या चित्राची शैली, म्हणजे त्याचे रंग आणि पोत, गणितानं वेगळी काढायची आणि दुसऱ्याच फोटोवर चढवायची. 2016 मध्ये प्रिझ्मा ॲप आलं आणि ही करामत सगळ्यांच्या खिशात पोचली. मार्च 2025 मध्ये एआयनं फोटोला घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओची शैली चढवायची लाट आली तेव्हा तर आपल्या निम्म्या गावाचे डीपी बदलले. मजा म्हणून करा, माझी काही तक्रार नाही. पण त्यात तुम्ही ठरवलं काय? फोटो कुठला आणि फिल्टर कुठला, एवढंच.

आता दुसरी बाजू. शनिवारच्या बाजारात रताळी विकायला बसलेल्या एका मावशींचं चित्र मी काढलं. इरकल नेसलेल्या, खणाची चोळी, पुढ्यात लाल माती लागलेल्या रताळ्यांचा ढीग, डोक्यावर निळी ताडपत्री. त्या ताडपत्रीतून झिरपणाऱ्या उन्हामुळे त्यांच्या गालावर, हातावर, पदरावर निळसर छटा पडली होती. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं ती छटा आपोआप 'दुरुस्त' करून टाकली. फोटोत मावशी एखाद्या स्टुडिओत बसल्यासारख्या दिसायला लागल्या. मला तर तोच निळा उजेड हवा होता, कारण बाजार म्हटला की मला तो आठवतो.

म्हणून वेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरावर, कच्च्या रेषा काढल्या. त्याखाली सपाट रंग भरले. वर खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय लेअर घेऊन त्यात राखाडी नाही, निळसर सावली टाकली. नाकाच्या शेंड्यावर आणि रताळ्यांच्या वरच्या अंगावर मात्र ऊब ठेवली, कारण तिथं ताडपत्रीच्या फटीतून सरळ ऊन येत होतं. खणाची नक्षी कशी करायची हा मोठा प्रश्न होता. एकच बुट्टा नीट काढला, त्याचा पॅटर्न केला आणि चोळीच्या बाहीवर पसरवला. दिसायला नक्षी बरोबर, पण दंडावर कागद चिकटवल्यासारखी. मग वार्प टूलनं ती दंडाच्या गोलाईप्रमाणे वाकवली, कोपराशी चुण्या पडतात तिथं बुट्टे अर्धे झाकले, सावलीत जाणारे जवळजवळ पुसून टाकले. ॲपनं मला मदत केली, नाही म्हणणार नाही. पण कुठला बुट्टा झाकायचा हे ॲपला ठाऊक नव्हतं. त्याच बाजाराच्या फोटोला मी तैलरंगाचा फिल्टरही लावून बघितला. पदरावरचे लाल-पांढरे टोकेरी पट्टे गुलाबी चिखल होऊन गेले, आणि खण कुठला, साधं कापड कुठलं, काही कळेना. गुळेदगुड्डचा खण आणि इरकलचा पदर ज्यानं लहानपणापासून घरात बघितलाय त्याला हे सोसत नाही.

साधनानं माणसाला किती उचलून धरता येतं, यासाठी आपल्याच जिल्ह्यातला दाखला देते. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 मध्ये चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सोडावं लागलं आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. बेळगावातलं सायकलीचं दुकान आणि नंतरचे कारखाने आपल्याला माहीतच आहेत. उद्योगाचं भलं झालं, पण चित्रकार व्हायला निघालेल्या त्या तरुणाला तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आज डिजिटल चित्रात प्रत्येक रंगाला नंबर असतो. स्क्रीनवर लाल आणि हिरवा सारखेच दिसले तरी स्लायडर वेगळं सांगतो. रंगांधळ्या माणसाला चित्र कसं दिसेल हे फोटोशॉप दाखवतं. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा असाच आहे. आधी पूर्ण चित्र करड्या छटांत करतो, उजेड-अंधार पक्का करतो, मग नंबर बघून रंग चढवतो. त्याची झाडं बघून कुणाला शंकासुद्धा येत नाही. असल्या मुलाला 'मोबाईलवर काढलंय' म्हणून परत पाठवायचं?

खर्चाचंही बोलायला हवं. चांगला कागद आणि चांगले जलरंग ही शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला परवडणारी गोष्ट नाही. त्यात कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस, चार महिने कागद सर्द, रंग वाळत नाही. पण घरात एक मोबाईल असतोच. आयबिस पेंट हे चित्रं काढायचं ॲप फुकट मिळतं, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. कॉम्प्युटर असेल तर क्रिता आहे, पूर्ण मोफत आणि भरवशाचं. प्रोक्रिएटसाठी आयपॅडच लागतो, त्यामुळे सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका. पेन नसलं तरी अडत नाही. डेव्हिड हॉकनीसारखा जगप्रसिद्ध चित्रकार 2009 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आयफोनवर अंगठ्यानं चित्रं काढत होता. हात थरथरत असेल तर ॲपमधला स्टॅबिलायझर वाढवा, रेघ सरळ येते.

मुलांना मात्र एक सांगते, आणि यात मी कडक आहे. वही-पेन्सिल सोडायची नाही. चुकलं की मागे जायची सोय असली की हात बिचकतो, डोळाही आळशी होतो. बसस्टँडवर बसा, माणसं हलत असताना काढा. बेळगावात के. बी. कुलकर्णींनी कितीतरी पिढ्यांना समोरचं बघून काढायला शिकवलं. रवी परांजपे 1935 मध्ये इथंच जन्मले, कुलकर्णींकडे शिकले आणि इलस्ट्रेशनच्या जोरावर देशभर नाव कमावलं. जाहिराती आणि मासिकांसाठी केलेलं काम खऱ्या कलेत मोजायचं की नाही, असा वाद तेव्हाही घातला जायचा. परांजप्यांची रेषा बघितली की तो वाद किती पोकळ आहे ते कळतं.

अक्षरांचंही थोडं बोलते, कारण आपल्या सीमाभागात एकाच फ्लेक्सवर कन्नड आणि मराठी दोन्ही लागतात. एआयकडून पोस्टर करून घेतलं की बऱ्याचदा जोडाक्षरांची वाट लागते, कधी कधी 'श्री'सुद्धा धड येत नाही. अक्षरं नेहमी स्वतः टाइप करा. बालू हा मोफत फॉन्ट देवनागरीत आहे, कन्नडमध्ये तो बालू तम्मा नावानं मिळतो. दोन्ही लिपी शेजारी ठेवल्या तरी एका हातच्या वाटतात.

आता मंडळांना माझं सांगणं. डिजिटल चित्रांचा वेगळा गट करा. खरं-खोटं कसं ओळखायचं, हा प्रश्न अवघड नाही. लेअर असलेली मूळ फाइल मागा. आयबिस पेंटमध्ये चित्र कसं घडलं त्याचा व्हिडिओ आपोआप तयार होतो, तो मागा. फोटोवरून गिरवलं असेल तर तसं लिहून द्यायला सांगा. फिल्टर आणि एआयची चित्रं घेऊ नका, आणि पत्रकात तसं स्पष्ट छापा. एवढंही नको असेल तर सरळ मुलांना हॉलमध्ये बसवा, विषय तिथंच द्या, दोन तास द्या, आपापल्या मोबाईलवर काढू देत.

गणपतीच्या स्पर्धांची पत्रकं छापायला जायच्या आधी ही पोस्ट तुमच्या गल्लीतल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचवा. परीक्षणाला कुणी मिळत नसेल तर मला मेसेज करा, मी येईन, मानधन नको. हॉलमध्ये चार्जिंगचे पॉइंट तेवढे पुरेसे ठेवा, जुन्या मोबाईलची बॅटरी दोन तास टिकत नाही.