तिथीची पाऊण

आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये चार जणांना झोपायची सोय होती, शेगडी होती, फ्रिज होता, संडास होता. मागचं दिसायला आरसाही होता, पण त्यात फ्रिज दिसायचा.

दोष माझाच. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हा भुंगा माझ्या डोक्यात शिरला होता. हॉटेल शोधायला नको, गरम पाण्याची वेळ विचारायला नको. समुद्र दिसला की थांबायचं आणि चहा टाकायचा. पुण्यातून तीन दिवसांसाठी गाडी ठरवली. ड्रायव्हर मिळत होता, पण त्याचे पैसे वेगळे. "मीच चालवतो," म्हणालो. बायको काही बोलली नाही. ती गप्प बसली की सावध व्हायचं, एवढं वीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

ताम्हिणी घाटात दर वळणाला एकेक कपाट उघडत गेलं. आईच्या मांडीत आधी पोह्यांचा डबा आला, मग सांडशी, मग मुलाचं भूगोलाचं पुस्तक. "संसार हलला की असंच व्हायचं," म्हणत तिने तिन्ही वस्तू मुकाट्याने पिशवीत भरल्या.

समुद्र दिसला तो दापोलीच्या मुरुडला. थांबायला मात्र जागा नव्हती. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वरून पोफळी, आणि मधून बैलगाडीच्या मापाची पाणंद. आत शिरलो तसा उलटा बाहेर आलो. समुद्र तेवढ्यात दोनदा दिसला, दोन्ही वेळा मुलाला. रात्र एका भल्या माणसाच्या खळ्यात काढली, आणि चहा त्याच्याच घरी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दाभोळ. समोर धोपावे, मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोटीने गेलं तर काही मिनिटं, रस्त्याने गेलं तर चिपळूणचा लांबलचक वळसा. धक्क्याचा उतार पार खालपर्यंत उघडा पडला होता. गाडी बोटीच्या फळीवर चढवायला गेलो तर पुढची चाकं वर गेली आणि शेपूट जमिनीला घासून खर्रकन ओरडलं. आत काहीतरी फुटलं. काय फुटलं ते बायकोने सांगितलं नाही.

जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी मान वर केली. "ओहोटीला कशाला आणलंत हे धूड? आज काय, पंचमी. पाचाची पाऊण किती?"

सहावीतला चिरंजीव ताडकन म्हणाला, "तीन पूर्णांक तीन चतुर्थांश!"

"म्हणजे पावणेचार. तेव्हा पुरी भरती. मग या."

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिथीला पाऊणने गुणलं की तिची वेळ निघते. किनाऱ्यावरचा हा हिशेब मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळला, तोही पावणेसहा तास हातात असताना.

तेवढ्या वेळात गावाला आमची वार्ता लागली. माणसं चप्पल बाहेर काढून गाडी बघायला येऊ लागली. आईने यजमानीण होऊन आधण ठेवलं. पाहुणे टाळायला पुण्यातून निघालो होतो आणि सतरा कप चहा मीच गाळला. पण खरं आकर्षण संडासाचं. "चालतो का हो?" असं विचारत प्रत्येकाने एकदा फ्लश ओढून बघितला. एका काकूंनी शेजारणीला बोलावून आणलं आणि पुन्हा ओढला. आम्ही जरा निसटून चंडिकादेवीच्या गुहेतल्या देवळात जाऊन आलो, तोवर पाण्याची टाकी तळाला गेली होती. पावणेचारला मात्र बोट धक्क्याला अशी लागली की आम्ही अलगद चढलो. आजोबांनी जाळ्यातून मान वर काढली नाही.

रात्री गुहागर. गाव बहुतेक एका लांब रस्त्यावर वसलेलं. दोन्ही बाजूंना घरं, मागे वाड्या, आणि वळायला कुठेच जागा नाही. वळवली नाहीच.

तिसरा दिवस हेदवीच्या बामणघळीसाठी राखलेला. काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे. भरतीची लाट तीत घुसते आणि कोंडून वर उसळते. "षष्ठी!" मी म्हणालो. "सहाची पाऊण साडेचार." आता मीही जाणकार झालो होतो. सव्वाचारला हेदवीच्या उतारावर होतो, तेव्हा समोरून यष्टी आली.

कंडक्टर खाली उतरला. "मागं घ्या." मी घेतली. "डावीकडं मारा." मारली, तर फणस लागला. "तुम्ही व्हा पुढे," मी घरच्यांना म्हटलं. ती मंडळी चालत गेलीसुद्धा. यष्टीतले उतारू खिडकीतून सूचना देत होते, आणि प्रत्येकाचा डावा-उजवा वेगळा होता.

घळीशी पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. पाणी उतरलं होतं आणि भेगेच्या तोंडाशी एक खेकडा निवांत बसला होता. आमची तिघंही नखशिखांत भिजून उभी होती. मुलगा माडाएवढी उंची हात वर करून दाखवत होता. शेजारचा गाववाला म्हणाला, "हे काहीच नाही, उधाणाला यायचंत." बायकोला अंगावरचं खारं पाणी धुवायचं होतं. टाकीचा नळ फुस्स करून गप्प बसला.

"दाभोळकरांनी ओढलं सगळं," आई म्हणाली आणि पदर पिळला.

मी बोटं मोजली. उद्या सप्तमी. साताची पाऊण सव्वापाच.

गाडी पुण्यात परत द्यायची होती उद्या दुपारी दोनला. आणि आता ती वळवायची होती.