‘आयएसडीएनला कसली आलीय सिक्युरिटी?’ — काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, खरं सांगतो, म्हणून दोन दिवस गप्प बसलो, आणि आता लिहायला बसलोय तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना म्हणून इथेच देतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या वेळी मी आयएसडीएनचा (टेलिफोनच्या तारेवरून आवाज न् डेटा डिजिटल नेणारी जुनी सेवा) टर्मिनल अ‍ॅडॉप्टर, म्हणजे त्या लाइनला मोडेमसारखा लावायचा डबा, थोडक्यात टीए, लावून लांबच्या शाखेतला राऊटर बाहेरून डायल करून कसा उघडायचा आणि भलत्याला कसा उघडू द्यायचा नाही ते लिहिलं होतं. काकांची उभी हयात टेलिफोनच्या कामात गेलेली. त्यांचं म्हणणं असं की आयएसडीएन डिजिटल, ते चोरून कोण ऐकणार, आणि फोन करणाऱ्याचा नंबर एक्स्चेंजच पाठवतं, तो जुळला की झालं, मग चॅप (पासवर्ड तपासायची एक रीत) न् कॉलबॅकचा (उलट फोन लावून खात्री करायचा) खटाटोप कशाला. शिवाय रेझिस्टरचं मी चुकीचं लिहिलंय, आणि एकूणच हे म्युझियममधलं सामान आहे, पोरांचा वेळ घालवू नको.

रेझिस्टरचं आधी, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर. मी ‘प्रत्येक सॉकेटला १०० ओहम’ असं ठोकून दिलं होतं. एनटी१, म्हणजे बाहेरची लाइन जिथे संपते तो डबा, त्याच्या पुढची जी चार तारांची बस, म्हणजे सगळ्या उपकरणांची सामायिक वायर, असते तिला फक्त दोन टोकांना १०० ओहम लागतात, आणि त्यातलं एक टोक बऱ्याचदा एनटी१ च्या पोटातच असतं. मधल्या सॉकेटलाही लावत बसलं तर सिग्नल दबतो आणि लांबचा टीए मधूनच मान टाकतो, मग आपण विनाकारण लाइनमनच्या नावाने बोटं मोडत बसायचं. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय, मानलं तुम्हाला.

पण ‘डिजिटल म्हणजे ऐकू येत नाही’ हे नाही पटत. तुम्ही खांबावर चढून लाइनमनचा हँडसेट लावाल तर नुसता फस्स आवाज येईल, कबूल. एक्स्चेंजपासून एनटी१ पर्यंत दोनच तारा, त्यावर दोन्हीकडचं एकाच वेळी धावतंय, मधेच चिमटा लावून ते सोडवणं साध्या माणसाचं काम नाही. पण एनटी१ च्या पुढे काय? तिथे येणाऱ्याची जोडी वेगळी, जाणाऱ्याची वेगळी, आणि एका बसवर आठपर्यंत उपकरणं. मी ज्या शाखेचं सांगतोय तिथे बसचं एक मोकळं सॉकेट चहाच्या टेबलामागे होतं, वर गणपतीचं कॅलेंडर. त्यात कोणी काही खुपसलं तर ६४ केबीपीएसचे दोन्ही बी चॅनल (आवाज न् डेटा नेणारे) आणि १६ चा डी चॅनल (कॉलचे निरोप नेणारा) त्याच्यासमोर उघडे, कुलूप कशालाच नाही. डिजिटल म्हणजे नुसतं आकड्यांत केलेलं हो, गुपित केलेलं नव्हे.

आता नंबरचं. कॉलचा निरोप डी चॅनलवरून येतो तेव्हा त्यात नंबर असतो, खरंय, आणि फोन न उचलताच नकार देता येतो, म्हणजे समोरच्याचं बिलही पडत नाही, म्हणून पहिली चाळण म्हणून मीही तो लावतोच. पण त्या नंबराच्या शेजारीच दोन बिट असतात, ते सांगतात की हा नंबर नेटवर्कने घातलाय की फोन करणाऱ्याने स्वतः दिलाय, आणि दिला असेल तर कोणी तपासलाय का. हे बिट बघायचे कष्ट किती उपकरणं घेतात? ज्या ऑफिसात स्वतःचं ईपीएबीएक्स, म्हणजे आतलं छोटं एक्स्चेंज, आहे ते आपल्या बाजूने हवा तो नंबर लिहून पाठवू शकतं, पुढचं एक्स्चेंज काटेकोर नसेल तर तो तसाच पोचतो. लग्नाच्या पत्रिकेवर ‘आपला विनीत’ कोणीही छापतं, तसलाच प्रकार. म्हणून कॉलबॅक. उपकरण ओळख विचारतं, फोन ठेवतं, आणि आपल्या वहीतल्या नंबरावर स्वतः उलट फोन लावतं, मग खोटा नंबर सांगणारा बसला वाट बघत.

चॅप त्याच्याही नंतर. पॅपमध्ये, म्हणजे पासवर्ड तपासायच्या साध्या रीतीत, पासवर्ड तारेवरून उघडा जातो, चॅपमध्ये पलीकडून एक आकडा येतो, आपण तो न् आपलं गुपित मिळून एमडी५ चं (उलटं सोडवता येऊ नये अशा गणिताचं) उत्तर काढून परत पाठवायचं, गुपित तारेवर येतच नाही. अर्थात एमडी५ आता म्हातारं झालंय आणि चॅपने आतला डेटा झाकला जात नाही, त्यासाठी आत एसएसएच (सगळं बोलणं सांकेतिक करणारी पद्धत) हवंच. हे मी मागच्या वेळी नीट सांगितलं नव्हतं, तेही तुमच्यामुळे आठवलं.

पण खरा राडा पासवर्डमध्ये नसतोच, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं होतं. २००४ चा पावसाळा. एका पतसंस्थेची राजापूरकडची खाडीकाठची शाखा, हेड ऑफिस रत्नागिरीत. अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरलं, लीज लाइन (दोन ऑफिसांमधली कायमची भाड्याची लाइन) आडवी झाली, आणि साठ-पासष्ट किलोमीटर त्या पावसात जायचं कोणी. म्हणून मी रत्नागिरीतूनच डायल केलं. मोडेम असता तर अर्धा मिनिट किंचाळत बसला असता, इथे दोन सेकंदात कनेक्ट, आणि एंटर दाबतोय तर नाव नाही, पासवर्ड नाही, थेट हॅशचा (#) प्रॉम्प्ट. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, राऊटरवर हॅश म्हणजे घराची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि वर देवघराचीही. आधी आनंद झाला (किती लवकर लागलं!) आणि मग पोटात गोळा आला.

झालं होतं असं की आदल्या दिवशी मीच आत शिरलो होतो आणि लॉगआउट न करता नुसता कॉल तोडला होता. टीएला कंपनीतून आलेल्या सेटिंगवरच ठेवलं होतं, अँड-सी-झिरो (&C0), म्हणजे पलीकडे कोणी जोडलंय का ते सांगणारी डीसीडीची तार कायम चढलेली, पलीकडे माणूस असो नसो. त्यात मी जोडलं होतं कन्सोल पोर्टला, म्हणजे राऊटरसमोर बसून काम करायच्या भोकाला, ज्याला बऱ्याच राऊटरमध्ये मोडेमच्या तारा कळतच नाहीत. आणि वर आपली हौस, काम करताना सारखं बाहेर फेकतं म्हणून टाइमआउट (किती वेळ गप्प बसलं की बाहेर काढायचं) शून्य, म्हणजे कधीच नाही, असा केलेला. राऊटरच्या लेखी मी रात्रभर तिथेच बसलेलो. त्या रात्री ज्याने कोणी तो नंबर फिरवला असता तो माझ्या खुर्चीत येऊन बसला असता, चॅप नाही न् काही नाही.

मग पाणी उतरल्यावर गेलो, वायर ऑक्स पोर्टला (मोडेमच्या तारा कळणाऱ्या) घेतली, अँड-सी-वन (डीसीडी खरी स्थिती सांगेल), अँड-डी-टू (राऊटरने सोडलं की टीए फोन ठेवेल), ई-झिरो (ऐकलेलं परत ओरडू नको), क्यू-वन (स्वतःहून काही बोलू नको), टाइमआउट पाच मिनिटं, आणि अँड-डब्ल्यू करून सेव्ह. ई-झिरो-क्यू-वन विसरू नका बरं, नाहीतर टीए ‘रिंग’ म्हणतो, राऊटरला वाटतं कोणीतरी रिंग नावाचा माणूस आलाय, तो पासवर्ड विचारतो, टीए ते परत ओरडून दाखवतो, आणि दोघं शिमग्यातल्या सोंगांसारखी एकमेकांशी गजाली करत बसतात. सेटिंग झाल्यावर तपासायची रीत एकच, आत शिरायचं, पलीकडची वायर सरळ उपटायची, आणि पुन्हा डायल करून नाव विचारतंय का बघायचं.

आणि म्युझियमचं म्हणाल तर आयएसडीएन गेलंच, त्यावर वाद नाही, ब्रिटनमध्येसुद्धा २०२७ च्या जानेवारीपर्यंत बंद करायचं ठरलंय. पण गेल्याच महिन्यात एका बर्फ कारखान्यात कन्सोलला ४जी मोडेम लावलेला बघितला, सिम नवं, डबा नवा, आणि सेटिंग अँड-सी-झिरो. त्या पोराला मी वायर उपटून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात.

तुमच्याकडे माळ्यावर एखादा चालू टीए पडला असेल तर कळवा काका, माझ्याची पॉवर केबल उंदराने कुरतडलीय आणि त्या व्होल्टेजचा अ‍ॅडॉप्टर आता रत्नागिरीत कुठे मिळत नाही.