व्रत संपल्यावर पुढं काय?

आपल्या बेळगावात वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या गल्ल्या घ्या, नाहीतर उद्यमबागेत फौंड्रीवर जाणाऱ्यांच्या चाळी. एका घरात मराठी, शेजारी कन्नड, समोर उर्दू. दारूनं यातलं कुणालाच सोडलेलं नाही. तरी मला आशा वाटते, कारण हीच माणसं वर्षातून एकदा दारू सोडतात. कुणी श्रावण पाळतो, कुणी रमजानभर शिवत नाही, कुणी शबरीमलैच्या यात्रेसाठी अय्यप्पाची माळ घालून व्रताचे ४१ दिवस काढतो. कालपर्यंत ज्याला टाळत होते त्याला सगळी गल्ली 'स्वामी' म्हणून हाक मारते, आणि त्याचं चालणं-बोलणंच बदलतं!

मग माळ उतरते. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत कुणीच नसतं.

व्यसनमुक्तीचं काम नेमकं इथं व्हायला हवं असं मी कळकळीनं सांगतोय. दूरच्या केंद्रात महिनाभर राहायचं म्हणजे मजुरी बुडते, म्हणून बहुतेकजण जातच नाहीत.

पण आधी एक धोका. ज्याला सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो, त्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भास होतात, जीवही जाऊ शकतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालंय, आणि अंगारा लावत बसतात. खरं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व मिळालं तर हा काळ सुखरूप पार पडतो. म्हणून माळ घालताना गुरुस्वामींनी आणि रमजानआधी मौलानांनी एवढंच विचारावं, "रोज घेतोस काय? मग आधी डॉक्टरांना दाखवून ये."

नंतरच्या सोबतीला मोठी डिग्री लागत नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून पिणाऱ्यांचं समुपदेशन करवलं. फार तर चार भेटी. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ३६ टक्के जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे पूर्ण आहारी न गेलेल्यांबद्दल आहे, हेही सांगायला हवं. पण आपल्या गल्लीत असेच तर जास्त आहेत, आणि त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

धर्मस्थळ देवस्थानाच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन (दारू सोडवण्याची) शिबिरं कर्नाटकात गावोगाव होतात. शिबिर संपल्यावरही सोडलेल्यांना एकत्र बांधून ठेवायचं, ही त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. तशीच बैठक आपल्याकडं मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत का नको? बायकांसाठी वेगळी वेळ हवीच. नवऱ्याचं पिणं वाढलंय हे बचतगटात सगळ्यांच्या आधी कळतं, आणि स्वतः पिणारी बाई तर पुरुषांच्या बैठकीत पाऊलही टाकणार नाही.

युवक मंडळांनो, गणपतीच्या मीटिंगा बसतील तेव्हा हा विषय काढा. आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल उघडा ठेवा. दारावर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६ तिन्ही भाषांत मोठ्ठा लिहा.