थकलेल्या फुटबॉलसम्राटास युक्तीच्या चार गोष्टी

आधी मनापासून अभिनंदन. युरोपात जे जे जिंकण्यासारखे होते ते तुम्ही जिंकलेत, आणि आता साठाव्या मिनिटाला चौथ्या पंचाने फलक वर केला की त्यावर तुमचाच नंबर झळकतो. नवा प्रशिक्षक तुमच्याशी अतिशय आदराने वागू लागला आहे. हे लक्षण काही बरे नव्हे. ज्याला खेळवायचे असते त्याच्यावर प्रशिक्षक खेकसतो. ज्याला बाकावर बसवायचे असते त्याच्या अनुभवाचे तो पत्रकार परिषदेत कौतुक करतो. हे कौतुक दर आठवड्याला होऊ लागले की समजावे, परदेशी लीगचा फोन उचलायची वेळ झाली.

फोन उचला, रक्कम ऐका, खुर्चीचा आधार घ्या. मग बाहेर येऊन जगाला काय सांगायचे? नवखे नेमके इथेच फसतात. पैसा सोडून काहीही सांगा. ‘नवे आव्हान’ चालेल. ‘प्रकल्प’ तर उत्तमच. धरणाचा की विजेचा, असे आजवर एकाही पत्रकाराने विचारलेले नाही. ‘खेळाचा प्रसार’ हे जरा जुने झाले, पण अजून खपते. ‘मुलांना ते शहर फार आवडले’ हे अगदीच अडचण आली तर राखून ठेवा. ताकाला जाऊन भांडे लपवू नये असे वाडवडील सांगून गेले खरे, पण त्यांचे भांडे हाताएवढे असायचे. तुमचे टँकरएवढे आहे. ते लपवता येणे हीच तर कला.

या बाबतीत नेदरलँड्सच्या योहान क्रायफचा कित्ता मुळीच गिरवू नका. १९७८ मध्ये बार्सिलोना सोडून हा माणूस खेळायचा थांबला होता. पण बराच पैसा त्याने डुक्करपालनाच्या धंद्यात घातला, तो बुडाला, आणि १९७९ मध्ये अमेरिकी लीगमधल्या लॉस एंजेलिस अ‍ॅझ्टेक्सकडून तो पुन्हा मैदानात उतरला. पुढे त्याने हे सगळे खुशाल सांगूनही टाकले. डुकरे! एवढ्या थोर खेळाडूने निदान ‘अमेरिकी फुटबॉलचे भवितव्य’ एवढे तरी म्हणायचे. कहर म्हणजे त्याच मोसमात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पैशासाठी यायचे, तसे कबूल करायचे आणि वर काम चोख करायचे, याने आख्ख्या व्यवसायाची बदनामी होते.

आता आगमन. स्टेडियम भरलेले असेल, आतषबाजी होईल, जर्सीवर तुमचे नाव असेल. तुमचे काम एकच: देशाचे नाव पाठ करून जाणे. ३ जानेवारी २०२३ रोजी सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोला अल नस्र क्लबने वाजतगाजत सादर केले, आणि दक्षिण आफ्रिकेत येणे म्हणजे काही कारकिर्दीचा शेवट नव्हे, असे त्याने तिथल्या पत्रकारांना ठणकावले. वर्षाला सुमारे २० कोटी युरो मिळणार अशा बातम्या होत्या. इतकी शून्ये मोजताना मधले एखादे खंड निसटायचेच. यजमानांनी ते मनावर घेतले नाही, यावरून यजमान किती समजूतदार असतात ते ध्यानात यावे. त्याच पत्रकार परिषदेत, युरोपातले आपले काम संपले आहे, असेही तो म्हणाला. हे वाक्य तुम्हीही घोकून ठेवा. काम आपण संपवले की कामाने आपल्याला, हा तपशील त्यात सुरेख झाकला जातो.

रुजू झाल्यावर नव्या लीगची स्तुती लगेच सुरू करावी. एकदम ‘जगातली सर्वोत्तम’ म्हणू नये, लोक हसतात. आधी एखादी बरी युरोपीय लीग निवडून तिच्यापेक्षा ही सरस म्हणावे. रोनाल्डोने फ्रेंच लीग निवडली. फ्रान्समध्ये लोक चिडले, सौदीत खूश झाले, आणि पगार यातल्या कोणत्या देशातून येतो हे ठाऊक असल्याने पुढची चर्चा थांबली. अर्थात २०२३-२४ च्या मोसमात त्याने ३५ गोल करून सौदी लीगचा विक्रम मोडला, त्यामुळे टवाळखोरांची थोडी पंचाईत झाली, हे आमच्यासारख्या टवाळखोरालाही मान्य करावे लागते.

तत्त्वांचे काय करायचे, हा प्रश्न काही जणांना पडतो. ज्यांना पडत नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. जॉर्डन हेंडरसन लिव्हरपूलचा कर्णधार होता. समलिंगी चाहत्यांच्या बाजूने तो जाहीरपणे उभा राहिला होता, दंडावर इंद्रधनुषी रंगांची पट्टी बांधून खेळला होता. जुलै २०२३ मध्ये तो अल इत्तिफाक या सौदी क्लबकडे गेला. सौदीत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. क्लबने त्याच्या स्वागताची चित्रफीत काढली, त्यात जुनी दृश्ये कृष्णधवल केली, आणि दंडावरच्या पट्टीचे सगळे रंग करड्यात विरघळले. इतकी सोय दुसरा कुठला मालक करून देतो? तत्त्व सोडावे लागले नाही, फक्त रंग काढला. पैसा हा हेतू नव्हता, असे त्याने मुलाखतीतही सांगितले. चुकला तो पुढे. जेमतेम सहा महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने सौदीतला गाशा गुंडाळला आणि नेदरलँड्समधले आयॅक्स गाठले. म्हणजे जुने चाहते गेले ते गेलेच, आणि नव्या मालकाकडचे मोठे आकडेही अर्ध्यावर सुटले. शरम वाटून घ्यायचीच असेल तर करार करण्याआधी वाटून घ्यावी. ती मधेच वाटली तर दोन्हीकडून नुकसान होते.

आता खेळण्याविषयी, कारण अधूनमधून तेही करावे लागते. इथे दुखापतीचा योग्य उपयोग शिकून घ्या. इंग्लंडचा गॅरी लिनेकर जपानमध्ये नागोया ग्रॅम्पस एटकडून दोन मोसम खेळला, त्यातला बराच काळ पायाच्या अंगठ्याने खाल्ला. अर्जेंटिनाचा कार्लोस टेवेझ तर या शास्त्रातला आचार्य. २०१७ मध्ये चीनच्या शांघाय शेनहुआकडे तो जगातल्या सर्वांत महागड्या पगारांपैकी एकावर होता. दुखापत झाली असताना, संघ परगावी सामना खेळत होता त्या दिवशी, हा कुटुंबासह शांघायच्या डिस्नेलँडमध्ये दिसला. लीगमध्ये चार गोल करून तो मायदेशी परतला आणि म्हणाला, सात महिने आपण सुट्टीवर होतो. असा निर्मळ हिशेब फार थोड्यांना जमतो.

पण दुखापतीला वेळापत्रक लागते, आणि इथे मेस्सीसारख्यालाही चटका बसला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी हाँगकाँगमध्ये त्याच्या अमेरिकी संघाचा, इंटर मायामीचा, प्रदर्शनी सामना होता. जवळपास ३८ हजार लोक आले होते; महागड्या तिकिटासाठी काहींनी ४,८८० हाँगकाँग डॉलर मोजले होते. मेस्सी नव्वद मिनिटे बाकावर बसून राहिला. लोकांनी आरडाओरडा करून पैसे परत मागितले, आणि अखेर आयोजकांनी निम्मी रक्कम परत देऊ केली. इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले. स्नायू आखडला, माणूस काय करणार? पण अवघ्या तीन दिवसांनी टोकियोत तो अर्धा तास खेळला. झाले! चीनमध्ये ठरलेले अर्जेंटिनाचे दोन सामने रद्द झाले आणि खुद्द मेस्सीला चित्रफितीतून खुलासा करावा लागला. तेव्हा दौऱ्यातल्या सर्व शहरांत सारखेच दुखत राहावे. एका शहरात दुखणे आणि शेजारच्या देशात बरे वाटणे हे वैद्यकशास्त्राला मान्य असेलही, प्रेक्षकाला नाही. (मायामीकडून पदार्पणाच्या सामन्यात ९४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल मारून जिंकून देण्याचा त्याचा मोहही टाळण्यासारखा. अशाने लोकांच्या अपेक्षा वाढतात, आणि मग हाँगकाँग होते.)

स्वीडनच्या झ्लाटन इब्राहिमोविचचे अनुकरण करू नये, कारण ते जमणार नाही. लॉस एंजेलिस गॅलेक्सी संघात येताना त्याने २०१८ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन शहराला कळवले की, आभार मानायची गरज नाही. मग ०-३ ने पिछाडीवर गेलेल्या संघाकडून बदली खेळाडू म्हणून उतरून दोन गोल केले आणि ४-३ ने सामना काढला. विनय सोडायचा तर त्यासाठी आधी एवढा खेळ शिल्लक असावा लागतो.

सर्वांत वाईट उदाहरण मात्र झिकोचे, आणि तरुण मुलांना ते कोणी सांगू नये. ब्राझीलचा हा महान खेळाडू १९९१ मध्ये जपानला गेला तो एका पोलाद कंपनीच्या संघात, काशिमा नावाच्या लहानशा गावात, दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये. त्याआधी तो मायदेशात सरकारी क्रीडाखाते सांभाळून मोकळा झाला होता. मजेत दोन मोसम काढून परत जाता आले असते. त्याऐवजी त्याने त्या कामगारांच्या संघाला व्यावसायिक शिस्त लावायला घेतली. सराव कसा करायचा, बूट कसे सांभाळायचे, हरल्यावर वाईट कसे वाटून घ्यायचे, सगळे. मे १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली आणि हाच संघ काशिमा अँटलर्स नावाने उतरला; त्याने पहिलाच सामना ५-० ने जिंकला. त्यात झिकोचे तीन गोल होते. वय चाळीस. समोर लिनेकरचा नागोया, म्हणजे आमच्या मार्गदर्शनाप्रमाणे चालणारा संघ.

याचे परिणाम काय झाले ते पाहा. गावात पुतळा उभा राहिला. क्लबने जपानमधली सर्वाधिक लीगविजेतेपदे मिळवली. चार वर्षे जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद गळ्यात पडले, आणि त्यानंतरही क्लबने त्याला सल्ल्यासाठी पुन्हा बोलावून घेतले. ‘खेळाचा प्रसार’ हे शब्द त्याने अक्षरशः घेतले आणि माणूस आयुष्यभर अडकला.

एवढे रेंगाळण्यात आणखी एक धोका असतो. या लीगा तुमच्या गुडघ्यांपेक्षा नाजूक निघतात. ब्राझील सरकारने ज्याला देशाबाहेर विकू दिले नव्हते तो पेले १९७५ मध्ये अमेरिकी लीगमधल्या न्यू यॉर्क कॉसमॉसकडे आला. टीव्हीवर बरे दिसावे म्हणून मैदानाचे उघडे पडलेले पट्टे हिरव्या रंगाने रंगवले होते, आणि सामन्यानंतर हिरवे पाय पाहून त्याला बुरशी झाल्याची शंका आली, असे सांगतात. पाठोपाठ जर्मनीचा बेकेनबाउअर आला, इतरही आले, आणि १९८४ च्या मोसमानंतर ती लीगच गुंडाळली गेली. चीनमध्ये जिआंग्सू संघाने नोव्हेंबर २०२० मध्ये विजेतेपद मिळवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब बंद पडला. तेव्हा पगार आगाऊ घ्यावा. किंवा मुदतच लहान ठेवावी: २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग साधारण सव्वादोन महिन्यांत आटोपली, इटलीचा देल पिएरो दिल्लीत दहा सामने खेळला, एक गोल केला, आणि हार-तुरे घेऊन सुखरूप घरी गेला.

राहता राहिला करारनामा. पहिल्या पानावरचा आकडा वर्तमानपत्रांसाठी असतो. बेकहॅम २००७ मध्ये अमेरिकेतल्या नव्या लीगमधल्या लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडे गेला तेव्हा सगळे पाच वर्षांच्या २५ कोटी डॉलरबद्दल बोलत होते. त्याच लीगमधल्या काही पोरांना वर्षाला वीस हजार डॉलरही मिळत नव्हते, त्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. आणि एका कलमाकडे तर कोणी पाहिलेच नाही: पुढे अडीच कोटी डॉलरमध्ये लीगमधला नवा संघ विकत घेण्याचा हक्क. २०१४ मध्ये त्याने तो वापरला. तो संघ म्हणजे इंटर मायामी, आणि २०२३ मध्ये छत्तीस वर्षांच्या मेस्सीला बोलावणाऱ्या मालकांत बेकहॅमही होता. मेस्सीच्या करारातही मालकीचा पर्याय असल्याच्या बातम्या आहेत. तर सही करण्यापूर्वी ते कलम वकिलाकडून दोनदा वाचून घ्या. वैद्यकीय तपासणी काय, ती नंतरही होईल.