निळ्या आकड्यांची भूल

विकिपीडियावरचा लेख विश्वासाचा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बहुतेक जण सांगतात, "खाली संदर्भ किती आहेत ते बघ." मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. वाक्याच्या शेपटाला छोटा निळा आकडा दिसला की आपण निवांत!

हे निवांतपण घालवलं एका युद्धाने. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख आला. १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीकडे (इंग्रजीत बिचोलिम) झालेली लढाई. भरपूर मजकूर, खाली व्यवस्थित तळटिपा. त्याच वर्षी लेखाला 'गुड आर्टिकल' हा दर्जाही मिळाला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका संपादकाने संदर्भातली पुस्तकं शोधायला घेतली, तर मुख्य पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. युद्धही झालेलं नाही. पाच वर्षं सगळ्यांनी तळटिपा मोजल्या, उघडल्या कोणीच नाहीत. आणि १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते हो! कुठलं मराठा साम्राज्य? शाळकरी पोरानेही पकडलं असतं.

म्हणून विकिपीडिया टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा गंभीर चुका विकिपीडियात ४ आणि ब्रिटानिका या ज्ञानकोशातही ४ निघाल्या. (बारीकसारीक चुका विकिपीडियात जास्त होत्या. ब्रिटानिकाला ही तपासणीच मान्य नव्हती, ते वेगळं.) उलट 'संदर्भ हवा' अशी पाटी लावलेलं वाक्य मला जास्त प्रामाणिक वाटतं. निदान ते आव तरी आणत नाही.

हल्ली मी एकच करतो. लेखातलं सगळ्यात चमकदार वाक्य निवडायचं आणि फक्त त्याचीच तळटीप उघडायची. पुष्कळदा लिंक मेलेली असते. कधी पान उघडतं, पण त्यात ते वाक्य सोडून बाकी सगळं असतं.

परवा मात्र वेगळीच गंमत. तळटिपेत एक बातमी होती आणि बातमीत ते वाक्य अगदी शब्दशः. तेवढ्यावरच थांबणार होतो, पण बातमीची तारीख खटकली. मग 'इतिहास पाहा'मध्ये शिरून जुन्या आवृत्त्या चाळल्या. वाक्य बातमीच्या दोन वर्षं आधीपासून लेखात होतं, तेव्हा बिनसंदर्भाचं. म्हणजे बातमीदाराने लेखातून उचललं आणि नंतर कोणीतरी तीच बातमी लेखाला पुरावा म्हणून जोडली. चोराच्या बाजूने चोरच साक्षीदार.

वाक्य काढून टाकलं, चर्चा पानावर कारणही लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर वाक्य पुन्हा जागेवर. संपादन सारांशात, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या जागी, लिहिलंय, "संदर्भ असलेला मजकूर काढू नये."